सहावा सरताना, सातवा लागताना: आईच्या आणि बाळाच्या शरीरात काय चाललेलं असतं

उलट्या थांबलेल्या असतात, फोडणीचा वास पुन्हा सहन होऊ लागतो, पोट दिसतं पण अजून जड झालेलं नसतं. गरोदरपणातला त्यातल्या त्यात सुखाचा काळ कोणता, असं विचारलं तर अनेक बायका सहाव्या महिन्याचं नाव घेतील. याच सुमारास घरात डोहाळजेवणाची तारीख निघते. पहिलटकरीण असेल तर माहेरी कधी न्यायचं याची बोलणी सुरू होतात. आणि याच सुमारास दवाखान्याची एखादी फेरी चुकते. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी नीट आलेली असते, त्रास काही नसतो, मग ‘आता माहेरी गेल्यावरच दाखवू’ असं ठरतं.

हा लेख त्या चुकणाऱ्या फेरीसाठी आहे. २४ ते २८ हे आठवडे वरून शांत दिसतात. आत मात्र बाळाची फुप्फुसं हवेची तयारी करू लागलेली असतात आणि आईच्या शरीरात साखर, रक्त आणि रक्तदाब या तिन्हींचं वागणं बदलत असतं. या बदलांतले काही तिला जाणवत नाहीत. ते तपासूनच कळतात, आणि त्यातल्या दोन-तीन तपासण्यांची वेळ नेमकी हीच असते.

आधी दिवसांचा हिशोब. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ४० आठवडे झाले की दिवस पूर्ण भरले. गर्भ प्रत्यक्षात राहतो तो या पहिल्या दिवसानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणून सोनोग्राफीच्या कागदावरचा आकडा आणि घरात मोजलेले महिने बऱ्याचदा जुळत नाहीत. ढोबळमानाने २३ ते २७ आठवडे हा सहावा महिना, आणि २८ आठवडे झाले की शेवटची तिमाही लागते. तपासण्यांची वेळ आठवड्यांवर ठरते, त्यामुळे आपला आठवडा कितवा हे गरोदर बाईला आणि घरातल्या आणखी एकाला तरी तोंडपाठ असावं.

फुप्फुसांची तयारी

२४व्या आठवड्यात बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि सुमारे ६०० ग्रॅम वजनाचं असतं. २८व्या आठवड्यापर्यंत ते किलोच्या घरात जातं. त्वचा सुरकुतलेली, कारण तिच्याखाली चरबी अजून नुकती साठू लागलेली असते. अंगावर बारीक लव आणि पांढरा चिकट लेप असतो. सतत पाण्यात राहणाऱ्या त्वचेचं हा लेप रक्षण करतो. हाता-पायांची बोटं, त्यांवरच्या रेषा, हृदय, मूत्रपिंडं हे सगळं तयार असतं. बाळ गर्भजल गिळतं, लघवी करतं, आणि या टप्प्यावर गर्भजल बहुतांशी बाळाच्या लघवीचंच बनलेलं असतं. ऐकून पुष्कळांना कसंसंच वाटतं. पण शरीरातली घाण टाकण्याचं काम त्या काळात वार (प्लासेंटा) करते, त्यामुळे हे पाणी स्वच्छ असतं.

राहिलं ते फुप्फुसांचं काम. पोटात असताना ती हवेने नव्हे, द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. २४व्या आठवड्याच्या आसपास श्वासनलिकांच्या टोकांना पातळ भिंतींच्या बारीक पिशव्या तयार होऊ लागतात आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं जवळ येतं. पण एवढ्याने श्वास चालत नाही. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की उघडता उघडत नाहीत. फुप्फुसातल्या त्या इवल्या पिशव्यांचंही प्रत्येक श्वासाला तसंच होऊ शकतं. ते होऊ नये म्हणून फुप्फुसातल्या काही खास पेशी स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांचं एक मिश्रण तयार करतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्याचा पातळ थर आतून पसरला की श्वास सोडल्यावरही पिशव्या मिटत नाहीत. हे मिश्रण २४व्या आठवड्याच्या सुमारास थोडं थोडं बनू लागतं आणि पुरेसं व्हायला साधारण ३४-३५ आठवडे उजाडतात.

१९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी या डॉक्टरांनी दाखवून दिलं की श्वास न घेता येऊन दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत हाच थर नसतो. कारण कळलं, तरी उपाय लगेच आला नाही. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि दोन दिवसांत याच आजाराने गेला. त्या काळी राष्ट्राध्यक्षाच्या घरातही त्यावर औषध नव्हतं. पुढे न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती सुरू कशी होते हा त्यांचा प्रश्न होता. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेलं एक कोकरू, जे जगायलाच नको होतं, चक्क श्वास घेताना त्यांना दिसलं. या औषधाने फुप्फुसं लवकर तयार होतात हे त्यांच्या लक्षात आलं. मग रॉस हाउई यांच्यासोबत त्यांनी गरोदर बायकांवर अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी बाहेरून दिलेल्या सरफॅक्टंटने अशी बाळं वाचू शकतात हे दाखवलं.

या सगळ्याचा आपल्या सहाव्या-सातव्या महिन्याशी थेट संबंध आहे. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण लवकर होण्याची लक्षणं दिसली, तर आईला डेक्सामिथॅसोन या स्टेरॉइडची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी दिली जातात. औषध साधं आणि स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यांतही मिळतं. पण ते बाळ जन्मण्याआधी द्यावं लागतं आणि त्याचा परिणाम व्हायला वेळ लागतो. म्हणूनच कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हे या आठवड्यांत परवडत नाही. त्या रात्रीचे काही तास बाळाच्या फुप्फुसांसाठी फार मोलाचे असतात.

इथेच एक जुना समज सोडून द्यायला हवा. सातव्या महिन्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं आजही अनेक घरांत ऐकू येतं. ते खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूने असतो. आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं सातव्यातल्या बाळापेक्षा जास्त तयार असतात, वजन जास्त असतं, दूध ओढण्याची ताकद जास्त असते. या समजापायी आठव्यात कळा आल्या की घरचे आधीच आशा सोडतात आणि सातव्यात आल्या की निर्धास्त राहतात. दोन्हींत बाळाचं नुकसान आहे.

बाळ काय ऐकतं

चक्रव्यूहाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, त्यामुळे पोटातल्या बाळाला ऐकू येतं हे कोणाला नवल वाटत नाही. २४-२५ आठवड्यांच्या सुमारास कानाच्या आतला भाग काम करू लागतो आणि मोठ्या आवाजाला बाळ दचकून हालचाल करतं. त्याला सगळ्यांत जास्त ऐकू येतात ते आईचे स्वतःचे आवाज: हृदयाचे ठोके, रक्ताचा प्रवाह, आतड्यांची गुरगुर, आणि तिचं बोलणं, जे हवेतून येतं तसंच तिच्या शरीरातूनही पोचतं. बाहेरचे बारीक, उंच पट्टीचे आवाज गाळले जातात. खोल, ठसठशीत आवाज आत जातात.

१९८० मध्ये अमेरिकेत तीन दिवसांहून लहान बाळांवर एक सुंदर प्रयोग झाला. बाळ चोखणी कशा लयीत चोखतं त्यावर त्याला कोणाचा आवाज ऐकू येईल हे ठरत होतं. परक्या बाईचा आवाज मिळत असतानाही बाळांनी चोखण्याची लय बदलून आपल्या आईचा आवाज मिळवला. म्हणजे आवाजाची ओळख आधीच झालेली असते. शब्दांचा अर्थ मात्र बाळाला कळत नाही. त्यामुळे गर्भसंस्काराच्या नावाखाली महागडे संच विकत घ्यायची किंवा पोटावर हेडफोन लावायची काही गरज नाही. थेट पोटाला चिकटवलेला मोठा आवाज टाळलेलाच बरा. आईने बोलावं, ओव्या म्हणाव्यात, भावंडाशी गप्पा माराव्यात, बाळाला हवं ते त्यातून मिळतं. डीजेच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभं राहणं मात्र नको.

पापण्या दहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटलेल्या असतात, त्या २६ ते २८ आठवड्यांत उघडतात. चवही कळू लागते. आईच्या जेवणातल्या लसणासारख्या पदार्थांचा गंध गर्भजलात उतरतो आणि बाळ ते पाणी गिळत असतं.

हालचालींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पहिल्या खेपेला हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांत जाणवते. आधी फुलपाखरासारखी असते, आता लाथ ओळखता येते. अधूनमधून एका लयीत बारीक ठोके जाणवले तर ती बहुधा उचकी असते, त्यात काळजीचं काही नाही. २४ आठवडे होऊनही एकदाही हालचाल जाणवली नसेल तर डॉक्टरांना सांगा. २८ आठवड्यांपर्यंत प्रत्येक बाळाची आपली एक पद्धत बसते. कुणी जेवणानंतर, कुणी आई आडवी झाली की हलतं. ती पद्धत ओळखून ठेवा. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली तर काही खाऊन कुशीवर पडा आणि लक्ष द्या. २८ आठवड्यांनंतर दोन तासांत दहा हालचाली हा सर्वसाधारण मापदंड मानतात. तेवढ्या झाल्या नाहीत, किंवा मनाला खटकतंय, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. ‘बाळ झोपलं असेल’ असं म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

वार आणि साखर

आता आईकडे येऊ. वार मोठी होते तशी ती काही संप्रेरकं (हॉर्मोन) जास्त प्रमाणात सोडते, आणि त्यांच्यामुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा आईच्या शरीरावरचा परिणाम कमी होतो. यामागे हेतू आहे: जेवणानंतर आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ टिकली तर बाळाला ती जास्त मिळते. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हे सांभाळून घेतं. काहींना ते जमत नाही आणि साखर वाढते. यालाच गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. भारतीयांमध्ये मधुमेहाकडे कल मुळातच जास्त आहे, त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी सगळ्यांनाच करतात.

साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग जास्तीच्या साखरेला तोंड द्यायला बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं. त्याने चरबी वाढते, बाळ मोठं होतं, बाळंतपण अवघड होऊ शकतं. नाळ कापली की आईकडची साखर एकदम बंद होते, पण बाळाचं जास्तीचं इन्सुलिन मात्र असतंच, आणि नवजात बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एवढं सगळं होत असताना आईला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सरकारी पद्धतीत ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळता येत नाही, कारण वारेचा जोर आत्ता वाढलेला असतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी येण्याची अट नाही, त्यामुळे लांबून येणाऱ्या बाईलाही ते जमतं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. काही खासगी दवाखान्यांत उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी असं तीनदा रक्त घेतात. तिथे ९२, १८० आणि १५३ या मर्यादा असतात. यातला एक जरी आकडा गाठला तरी निदान होतं.

निदान झालं की घरात पहिलं वाक्य येतं, ‘गोड फार खाल्लंस.’ हे तिच्यावर अन्याय करणारं आहे. साखर वारेच्या संप्रेरकांमुळे वाढलेली असते. बहुतेकींना आधी दोन आठवडे आहार आणि चालणं यावरच ठेवतात: एका वेळी ताटभर भात खाण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, भाकरी-पोळीसोबत वरण, उसळ, दही, अंडं, भाज्या. जेवणानंतर दोन तासांची साखर १२०च्या खाली राहिली तर औषध लागत नाही. राहिली नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिन बाळाकडे जात नाही, त्यामुळे त्याची भीती नको. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते आणि ती सगळ्यांत जास्त विसरली जाते. या बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ही तपासणी लिहून ठेवा.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनाही ‘दोन जिवांचं’ खायची गरज नाही. रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त पुरतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढ्यात त्या येतात. उलट, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडू नये म्हणून मुद्दाम कमी खायला लावणारी घरंही आहेत. तेही करू नका. अशाने बाळ अशक्त जन्मतं.

रक्त आणि रक्तदाब

गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरणं स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे मुळातच लोह कमी असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिनचा आकडा ११च्या खाली आला तर रक्तक्षय धरतात, ७च्या खाली गेला तर दवाखान्यात दाखल करावं लागतं. बाळ आपला लोहाचा मोठा साठा शेवटच्या तिमाहीत घेतं, म्हणून आत्ताच भरपाई करायला हवी.

लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, किमान १८० दिवस. चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू किंवा आवळ्यासोबत चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नका. माती, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ती लोह कमी असल्याची खूण असू शकते.

रक्तदाबाचं वागणं फसवं असतं. गरोदरपणाच्या मध्यावर तो थोडा उतरतो आणि सातव्या महिन्यापासून हळूहळू मूळ पातळीकडे येतो. म्हणून पाचव्या महिन्यातला चांगला आकडा पुढची हमी देत नाही. २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो. त्यात आईला झटके येऊ शकतात, बाळाची वाढ खुंटू शकते. संध्याकाळी पावलांवर येणारी सूज बहुतेकींना असते. चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखणं ही मात्र त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणं.

पोटऱ्यांत वांब येणं, छातीत जळजळ, बद्धकोष्ठ, कंबरदुखी, बसल्यावरून झटकन उठताना जांघेत कळ येणं, पोटावर मधोमध काळी रेघ, हे त्रासदायक असलं तरी नेहमीचं आहे. कधीकधी पोट कडक होऊन पुन्हा सैल होतं. पाणी पिऊन पडलं की थांबत असेल तर ठीक. नियमित अंतराने येत असेल, तासाभरात चारपेक्षा जास्त वेळा येत असेल, तर थांबू नका. झोपताना कुशीवर झोपा, कारण उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार पाठीशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. डावी कूस चांगली, उजवीही चालते. जाग आली तेव्हा उताण्या असाल तर घाबरायचं काही नाही, कूस बदला.

माहेरी जाताना

माहेरी जाण्याची रीत चांगली आहे. विश्रांती मिळते, मन हलकं होतं. अडचण एवढीच की ती साखरेच्या तपासणीच्या आठवड्यांतच येते. सासरच्या डॉक्टरांना वाटतं माहेरी होईल, माहेरच्यांना वाटतं झालीच असेल. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास रक्ताची एक खास तपासणी आणि अँटी-डी इंजेक्शन असतं, तेही याच फटीत निसटतं. ते चुकलं तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होऊ शकतात आणि पुढच्या गरोदरपणातल्या बाळाला त्याचा त्रास होतो.

म्हणून निघण्याआधीच साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. ओटभरणाच्या साडीबरोबर फाइलही पिशवीत हवी: माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्तगटाचा कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवा, आशाताईंना कळवा. हे कार्ड कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालतं. ऊसतोडीसाठी किंवा बांधकामावर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या बायकांनी हे खास लक्षात ठेवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

आणि अंगावरून रक्त किंवा पाणी जाऊ लागलं, नियमित कळा येऊ लागल्या, झटका आला, बाळाची हालचाल थांबल्यासारखी वाटली, तर दिवस असो की रात्र, १०८ला फोन करा आणि नवजात बाळांसाठी काचेच्या पेटीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे घरच्यांनी आजच विचारून ठेवावं.